‘पेशंट शॉकमध्ये आहे’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दाचे चार अर्थ, नीट समजून घ्या

दवाखान्याच्या दारात डॉक्टर सांगतात, “पेशंट शॉकमध्ये आहे, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.” नातेवाईक एकमेकांकडे बघतात. कुणीतरी म्हणतं, “घाबरलाय हो, धसका घेतलाय. घरी नेऊ, माणसांत बसला की बरं वाटेल.” डॉक्टर जिवाच्या धोक्याबद्दल बोलत असतात आणि घरचे मनाच्या धक्क्याबद्दल. या गैरसमजात तास-दोन तास गेले तर जीवही जाऊ शकतो. म्हणून आज या एका शब्दाची माहिती घेऊ.

शॉक हा शब्द आता मराठीच झालाय. बातम्यांत ‘दरवाढीचा शॉक’ असतो, गॅरेजवाला गाडीचे ‘शॉकअप’ गेले म्हणतो. पण शॉकच्या पुढे काय येतं तिकडे लक्ष दिलं की अर्थ कळतो.

१) शॉक बसला : हा विजेचा झटका. मोटर चालू करताना, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावला की बसतो तो. अशा वेळी माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. वरून गेलेली मोठी लाईन तुटून पडली असेल तर जवळही जाऊ नका, आधी वीज कार्यालयाला कळवा. झटका बसलेला माणूस उठून बसला तरी एकदा दवाखान्यात दाखवा, कारण विजेचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो.

२) ऐकून शॉकच बसला : हा मनाचा धक्का. अपघाताची बातमी, गारपिटीने झोपलेलं पीक, कुणाचं अचानक जाणं. माणूस सुन्न होतो, त्याला आधार लागतो. इथे जवळची माणसं हेच मोठं औषध.

३) शॉक दिला : हा उपचार आहे. हृदयाचे ठोके धोकादायक पद्धतीने बिघडले तर छातीवर यंत्र लावून विजेचा झटका देतात. काही गंभीर मानसिक आजारांतही भूल देऊन असा उपचार करतात. सिनेमात दाखवतात तसा तो छळ नसतो.

४) शॉकमध्ये गेला : हा डॉक्टरांचा शॉक आणि सगळ्यात धोक्याचा. याचा विजेशीही संबंध नाही आणि घाबरण्याशीही नाही. शरीराच्या अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, अशी ही अवस्था.

शेतातल्या पाइपलाइनवरून समजून घ्या

विहीर, मोटर आणि पाइप, तिन्ही ठीक असतील तरच शेवटच्या सरीला पाणी पोचतं. शरीराचंही तसंच.

विहीर आटली म्हणजे अंगातलं रक्त किंवा पाणी कमी झालं. अपघातातला किंवा बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव आणि सतत जुलाब-उलट्या ही त्याची कारणं. मोटर बिघडली म्हणजे हार्ट अटॅकनंतर हृदय जोर लावत नाही. आणि पाइप सैल पडले म्हणजे अंगात पसरलेल्या जंतुसंसर्गाने, किंवा औषधाची वा गांधीलमाशीच्या डंखाची ॲलर्जी येऊन, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी एकदम खाली येतं.

डेंग्यूत विशेष सांभाळा. ताप उतरला की आपण म्हणतो, बरा झाला. पण डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर थांबू नका.

विंचवाच्या विषानेही पेशंट शॉकमध्ये जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपचार आहेत, वेळेत पोचायला हवं.

ओळखायचं कसं?

- हातपाय गार, अंगाला चिकट घाम
- नाडी जलद पण बारीक
- श्वास भरभर
- लघवी कमी किंवा बंद
- असंबद्ध बोलणं, गुंगी, ओळख न पटणं

सगळीच लक्षणं दिसतील असं नाही. जंतुसंसर्गात सुरुवातीला अंग गरमही लागतं.

काय करायचं?

१०८ ला फोन करा. पेशंटला सपाट झोपवा, पाय उशीवर थोडे उंच ठेवा. मात्र पायाला किंवा मणक्याला मार असेल तर पाय उचलू नका. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर त्याला बरं वाटेल तसं टेकून बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. अंगावर चादर टाका.

चप्पल-कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं यात वेळ घालवू नका. शुद्ध हरपत असेल तर पाणी-चहा पाजू नका, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

डॉक्टरांना हे विचारा

‘शॉकमध्ये आहे’ असं ऐकलं की तीन प्रश्न विचारा. शॉक कशामुळे आलाय? बीपी किती आहे? रक्त किंवा आयसीयू लागेल का? मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं तर मुंबई-पुण्याहून भाऊ येईपर्यंत थांबू नका. भावाला थेट त्या दवाखान्यातच बोलवा.

‘शॉक बसला’ आणि ‘शॉकमध्ये गेला’ यातला फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. वेळ आली तर दारात उभं राहून अर्थ लावत बसावं लागणार नाही.