तिसरीची साक्ष

बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. दोन आकडे जुळले की त्याला शांत झोप येते. माझीही ती खोड होती. ती मोडली मिरकरवाड्याच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या वर्कशॉपने.

तिथले मिस्त्री आता ऐंशीला टेकले आहेत. उभी हयात मच्छीमार नौकांची इंजिने दुरुस्त करण्यात गेली. रत्नागिरीची खारी हवा म्हणजे लोखंडाची वैरीण. पावसाळ्यात सकाळी पुसलेले हत्यार संध्याकाळी तांबूस दिसते. तरी मिस्त्रींचे गुण्ये, व्ही-ब्लॉक आणि सरफेस प्लेटी तेलाच्या फडक्यात तान्ह्या बाळासारख्या गुंडाळलेल्या असतात.

सरफेस प्लेट म्हणजे बिडाची जड, सपाट पाटी. वर्कशॉपमधली प्रत्येक सपाटी तिच्यावर ताडून पाहायची. पण मग तिची स्वतःची सपाटी कशावर पाहायची?

1994 साली मिस्त्रींनी कर्ज मागितले तेव्हा तपासणीला मीच गेलो होतो. लेथची किंमत लिहिली आणि तीन जुन्या प्लेटींपुढे लिहिले, ‘भंगार’. बिलांशी यादी जुळली, यादीशी अहवाल जुळला. कर्ज नामंजूर झाले. त्या पावसाळ्यात मिस्त्रींनी एक प्लेट खरोखरच किलोच्या भावाने विकली. हे मला निवृत्तीनंतर कळले, तेही त्यांच्या मुलाकडून.

“दोन उरल्यात ना?” मी ओशाळून विचारले.

“साहेब, दोघीच असल्या की एकमेकींची खोटी साक्ष देतात.”

ते खरे आहे. एक प्लेट मध्ये फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असेल, तर दोघी अंगाला अंग लावून बसतात. एकीला लावलेला निळा रंग दुसरीवर सगळीकडे उमटतो आणि कारागीर फसतो. आता तिसरी आणा आणि तिला त्या फुगीर प्लेटीशी जुळवा. तीही खोलगट होईल. मग दोन्ही खोलगट प्लेटी समोरासमोर ठेवा. कडा टेकतात, मध्ये पोकळ. लबाडी उघडी! तिघी आळीपाळीने एकमेकींशी जुळल्या, शिवाय काटकोनात फिरवूनही जुळल्या, तरच त्या सपाट.

लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत या विषयावर निबंध वाचला. प्लेटी एमरीने एकमेकींवर घासू नका, खरवडा, असे त्यांचे सांगणे. एमरीची पूड वाट फुटेल तिथे खाते. खरवडताना मात्र दिसेल तेवढाच उंचवटा निघतो.

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हिंडून मी एक जुनी 12 इंची प्लेट मिळवली. मिस्त्रींनी काही न बोलता ती फडक्यावर ठेवली. गंज रॉकेलने भिजवून काढला. मग सुरू झाले खरे काम. जुन्या कानशीचे टोक घासून केलेला स्क्रेपर, निळ्या रंगाचा पातळ थर आणि धीर. एका रेट्यात मिलिमीटरचे काही हजारावे भाग निघतात. तळवा प्लेटीवर जरा वेळ टेकला तरी मिस्त्री ओरडतात. हाताच्या उबेनेही बीड फुगते, मग ते निवेपर्यंत थांबायचे.

त्यांची नजर आता अधू झाली आहे. म्हणून ठिपके मी पाहतो, हात त्यांचा चालतो. आधी इंचभर चौकोनात दोन-तीन ठिपके दिसत. ते खरवडले की त्यांच्या शेजारी नवे उगवत. आठवड्यामागून आठवडे गेले. आयुष्यभर खाती तपासली, पण एवढे बारकाईने मी काही पाहिल्याचे आठवत नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तिघींवर निळे ठिपके चांदण्यांसारखे सारखे पसरले. जोड्या बदलल्या, काटकोनात फिरवल्या, तरी तेच. मिस्त्रींनी हात पुसले. म्हणाले,

“आता लिहा साहेब, अहवाल.”

तीस वर्षे उशीर झाला खरा, पण लिहिला. तो हाच.