वृद्धांचे डॉक्टर

घरांत आजोबांस कांहीं दुखणें झालें म्हणजे बहुधा एकच उद्गार कानीं पडतो: "आतां वयच झालें!" हा उद्गार किती घातक आहे, तें आम्हां विद्यार्थ्यांस कळावें म्हणून हा लहानसा लेख.

आमचें पिंपरी-चिंचवड म्हणजे कारखान्यांचें गांव. येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व त्यांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पुढें आकुर्डी, भोसरी व चाकणपर्यंत कारखाने पसरले. न्युमोनियासारख्या रोगांवरील औषध ज्या पिढीनें देशास पुरविलें, ती पिढी आतां वृद्ध झाली आहे. परंतु तिचा न्युमोनिया ओळखणें मात्र सोपें नाहीं.

तरुणास हा रोग झाला तर सणकून ताप भरतो व खोकला येतो. वृद्धास कधीं तापच येत नाहीं. तो एकाएकीं बरळूं लागतो, अन्न टाकतो किंवा चालतां चालतां पडतो. घरचीं माणसें म्हणतात, "म्हातारचळ लागला." जाणता डॉक्टर विचारतो, "काल ते असेच होते काय?" कारण वय एका रात्रींत वाढत नाहीं, एका रात्रींत येतो तो रोग.

या शास्त्रास 'जेरियाट्रिक्स' हें नांव न्यूयॉर्कचे डॉ. नाशर यांनीं १९०९ सालीं दिलें. पुढें १९३५ पासून लंडन येथें डॉ. मार्जरी वॉरेन यांनीं दीर्घकाळ खाटेस खिळलेल्या वृद्धांस नीट तपासलें, व्यायाम दिला आणि पुष्कळांस चालतें करून घरीं धाडलें. आपल्या देशांत मद्रास वैद्यकीय महाविद्यालयानें १९९६ सालीं या विषयाची एम्. डी. पदवी सुरू केली. साडेचार वर्षांचें वैद्यकीय शिक्षण व एक वर्षाची उमेदवारी झाल्यावर आणखी तीन वर्षें हा अभ्यास करावा लागतो. रोग्याची चाल, दृष्टि, स्मृति, आहार व घरची स्थिति हीं सर्व त्यांत पाहावयास शिकवितात; आणि अनेक औषधांपैकीं कोणतें बंद करावें, हेंही.

असे डॉक्टर अद्याप थोडे आहेत. तोंवर आम्हांस एवढें तरी करतां येईल: आजोबांचीं सगळीं औषधें एका पिशवींत घालून डॉक्टरांस दाखवावीं, आणि काल व आज यांतील फरक त्यांस सांगावा. तो फरक घरच्या माणसांवांचून कोणास कळणार?