एक्स-रोड

एस्टोनिया या बाल्टिक देशातील शासकीय व खाजगी संस्थांमध्ये माहितीची सुरक्षित देवाणघेवाण व्हावी, म्हणून उभारलेली संगणकीय व्यवस्था. तिचा आरंभ २००१ मध्ये झाला. तीत सर्व माहिती एका मध्यवर्ती ठिकाणी साठविली जात नाही. लोकसंख्या, वाहने इ. नोंदी त्या त्या संस्थेकडेच राहतात व मागितलेली नोंद मागणाऱ्या संस्थेकडे थेट पाठविली जाते. २०१७ मध्ये एस्टोनिया व फिनलंड यांनी या प्रणालीच्या विकासासाठी संयुक्त संस्था स्थापिली. २०१८ मध्ये दोन्ही देशांची जाळी परस्परांस जोडण्यात आली.

सदस्यत्व : प्रवेशेच्छू संस्थेस एस्टोनियाच्या राज्य माहितीप्रणाली प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तिची ओळख मान्यताप्राप्त प्रमाणन-सेवेच्या अंकीय प्रमाणपत्राने सिद्ध होते व तिचे संदेश ‘सुरक्षा सर्व्हर’मधूनच जातात. मात्र सदस्यत्वाने माहितीचा हक्क मिळत नाही. कोणत्या सदस्यास कोणती सेवा खुली करावयाची, हे माहिती बाळगणारी संस्थाच कायद्यास धरून ठरविते. संदेशांवर अंकीय स्वाक्षरी असते व त्यांची कालमुद्रित नोंद ठेवली जाते. त्यामुळे झालेला व्यवहार मागाहून नाकारता येत नाही. प्रमाणपत्र रद्द झाल्यास त्यावर आधारलेली देवाणघेवाण थांबते.

मर्यादा : ही व्यवस्था संस्थेची ओळख पटविते, तथापि संस्थेतील कर्मचाऱ्याने नोंद योग्य कारणासाठीच पाहिली किंवा कसे, हे तिला कळत नाही. त्यासाठी संस्थेची अंतर्गत शिस्त आवश्यक ठरते. काही नोंदींच्या बाबतीत आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकास स्वतः तपासता येते. गैरवापरास आळा घालण्याचा तो महत्त्वाचा उपाय होय.