शेवटच्या यमकात मेलेला कुत्रा

ऑलिव्हर गोल्डस्मिथची पिसाळलेल्या कुत्र्यावरची विलापिका मोठ्याने वाचा, तरच तिची लय कळते! १७६६ च्या 'द व्हिकार ऑफ वेकफील्ड' या कादंबरीतली ही कविता. आठ कडवी, ओळी आलटूनपालटून आठ आणि सहा अक्षरांच्या. पण अभंगासारखी नुसती अक्षरं मोजून भागत नाही. इथे आघातही मोजायचे, चार आणि तीन. यमक एकाआड एक.

गावातला कुत्रा एका सज्जनाला चावतो. शेजारी शपथेवर सांगतात, कुत्रा पिसाळलाय. लगेच पुढच्या ओळीत पुन्हा शपथेवर, माणूस मरणार! क्रियापद तेच, खात्रीही तीच. मग शेवटच्या कडव्यात 'लाइड' येतं, म्हणजे शेजारी खोटे ठरले. कान जोडीच्या यमकाची वाट बघतो. माणूस बरा होतो, आणि सहा अक्षरांच्या ओळीत 'डाइड' येतं ते कुत्र्यासाठी.