सेटअप ‘नाही’ म्हणतं तेव्हा

छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून गारखेड्यापर्यंत कितीतरी घरांत एक जुना डेस्कटॉप अजून कापड पांघरून बसलेला असतो. कुणी एमएस-सीआयटीच्या सरावासाठी घेतलेला, कुणी मुलांच्या इंजिनिअरिंगसाठी. आज त्यावर नवं काही टाकायला गेलं की सेटअप मध्येच थांबतं, इंग्रजीत एरर येते आणि घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘म्हातारा झाला तो, भंगारात द्या.’

हा निकाल मला पटत नाही. पंखा झिजतो, हार्ड डिस्क झिजते. पण धडधाकट प्रोसेसर २००९ साली ज्या सूचना पाळायचा, त्या आजही तितक्याच अचूक पाळतो. बदललेलं असतं ते बाहेरचं जग. ते नेमकं कुठे बदललं हे ती एरर सांगत असते, आणि तिचा माग काढत गेलं की थक्क व्हायला होतं.

आधी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती भलतीच मागची असेल, तर दुखणं बहुतेक तिथेच आहे. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा चपटा गोल सेल असतो. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असताना त्याच्या जिवावर क्वार्ट्झचा एक बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत राहतो. हाच आकडा का? कारण ही थरथर पंधरा वेळा निम्मी करत गेलं की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. लोडशेडिंगच्या काळापासून आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. बटण चालू असेल तर या घड्याळाला घरची वीज मिळते. बंद केलं की सगळा भार सेलवर. मग तो काही वर्षांत संपतो आणि तारीख मागे जाते.

आता सेटअप उतरवायला जा. पलीकडचा सर्व्हर आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र पाठवतो आणि त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या हिशेबी आज २००९ साल चालू आहे, तेव्हा हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो नकार देतो, आणि जे त्याला ठाऊक आहे त्यावरून त्याचा नकार अगदी रास्त असतो. सेल बदला, तारीख नीट करा. बऱ्याचदा तेवढ्यानंच अडलेलं डाउनलोड सुरू होतं.

हीच तारीख विंडोज आत कशी ठेवतं, तेही ऐकण्यासारखं आहे. १ जानेवारी १६०१ पासून सेकंदाचे कोटीवे भाग मोजत! ग्रेगोरियन दिनदर्शिकेचं चक्र ४०० वर्षांचं असतं आणि विंडोज एनटी घडत होतं तेव्हाचं चक्र १६०१ साली सुरू झालं होतं, म्हणून ती सुरुवात. मलिक अंबरानं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली १६१० साली. म्हणजे हे शहर वसलं त्याच्या नऊ वर्षं आधीपासूनचा हिशेब आपल्या घरातला तो डबा ठेवतो आहे.

फाइल उतरली, पण डबल क्लिक केल्यावर ‘हे वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशन नाही’ असं आलं, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. काही बदलू नका, सेव्ह करू नका, नुसतं बघा. पडदाभर अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी पहिली दोन अक्षरं इंग्रजी ‘एम’ आणि ‘झेड’ असतील. ही मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. डॉसच्या जमान्यात पडलेली ही खूण आजही विंडोजच्या प्रत्येक एक्झी फाइलच्या कपाळावर आहे. थोडं पुढे ‘पी’ आणि ‘ई’ ही अक्षरं शोधा. त्यांच्यानंतरच्या रिकाम्या जागेपुढे मोठा ‘एल’ असेल तर प्रोग्रॅम ३२ बिटचा, छोटा ‘डी’ असेल तर ६४ बिटचा. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही, मग सेटअप कितीही वेळा नव्यानं उतरवा. सोपा उपाय म्हणजे ३२ बिटची फाइल मिळवायची.

‘अमुक डीएलएल सापडत नाही’ ही तक्रार त्या मानानं साधी. प्रोग्रॅमला लागणारी सामायिक फाइल घरात नसते. ती सुटी कुठूनतरी उतरवू नका, त्यातून व्हायरस येतात. बऱ्याचदा मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ संच टाकला की काम होतं.

मला सर्वांत जास्त भुरळ घातली ती मात्र विंडोज एक्सपीवरच्या मराठीनं. ‘छत्रपती’ हा शब्द कॉम्प्युटरच्या स्मृतीत सात तुकड्यांत असतो: छ, त, हलन्ताची खूण, र, प, त आणि दीर्घ वेलांटी. त्यात ‘त्र’ कुठेच नाही. तो पडद्यावर त्या क्षणी जुळवला जातो, फॉन्टमधल्या नियमांनी आणि युनिस्क्राइब नावाच्या भागाच्या मदतीनं. इंग्रजी एक्सपीत ही सोय सुरुवातीला बंद असायची. त्यामुळे पाय मोडलेला ‘त्’ वेगळा, ‘र’ वेगळा आणि ‘विद्यापीठ’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या पलीकडे जाऊन पडलेली, असं मराठी दिसे. लोकांना वाटे फॉन्ट बिघडला. खरं तर कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या विभागात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी एक चौकोन असतो. त्यात टिचकी द्यायची, मागितली की विंडोजची सीडी घालायची आणि रिस्टार्ट करायचं. सगळी जोडाक्षरं जागच्या जागी येतात! एक्सपी २००१ साली आलं, त्याला मिळणारी दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, शहराचं नाव बदललं २०२३ मध्ये. तरी ते नवं नाव हे जुनं विंडोज बिनचूक लिहितं, कारण देवनागरीची अक्षरं युनिकोडमध्ये १९९१ पासून ठरलेली आहेत.

विंडोज ७ असेल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. त्यापुढची टाकायचा खटाटोप करू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार तर मुळीच नकोत. मराठी लेखन, घरचा हिशेब, जुने फोटो यांसाठी ते खुशाल वापरा. आणि सेल बदलायला डबा उघडाल, तेव्हा आधी भिंतीतला प्लग काढा. नव्या सेलची अधिक खुणेची बाजू वर ठेवा.