मोबाइलवरचा शेताचा रंगीत नकाशा: उपग्रहाला काय दिसते, काय दिसत नाही

शेताची हद्द आखून दिली की त्याचा लाल-पिवळा-हिरवा नकाशा दाखवणारी अनेक ॲप आता उपलब्ध आहेत. हिरवे दिसले म्हणजे पीक जोमात, लाल दिसले म्हणजे काहीतरी बिघडले, एवढाच अर्थ घेऊन काहीजण खताचा किंवा फवारणीचा निर्णयही घेतात. नकाशा उपयोगी आहेच. पण तो नेमके काय मोजतो हे माहीत नसेल तर खर्च वाया जातो आणि खरे नुकसान नजरेतून सुटते.

हा नकाशा येतो कुठून?

हवामानाच्या बातम्यांत ढगांचे जे चित्र दिसते ते इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस यांसारख्या उपग्रहांकडून येते. ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला एकाच जागी स्थिर भासतात. दर अर्ध्या तासाला नवे चित्र मिळते, पण इतक्या लांबून बारकावा मिळत नाही. दृश्य प्रकाशातल्या चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक चौरस किलोमीटर, जवळपास २५० एकर. त्यात आपले शेत शोधण्यात अर्थ नाही.

पिकाच्या नकाशासाठी बरीच ॲप युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची माहिती वापरतात, कारण ती मोफत मिळते. हे उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांजवळून जात, सुमारे १०० मिनिटांत एक फेरी मारतात. खाली पृथ्वी फिरत असल्याने दर फेरीला नवा पट्टा समोर येतो. दोन उपग्रहांपैकी एखादा साधारण दर ५ दिवसांनी आपल्या शेतावरून जातो, तोही सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास.

यांचा एक ठिपका १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका जवळजवळ एक गुंठा, आणि एकराला साधारण ४० ठिपके. मात्र बांधालगतच्या ठिपक्यांत बांधावरचे गवत, बाभळीची सावली आणि शेजारचा ऊसही मोजला जातो. एक एकराच्या चौकोनी तुकड्यात असे काठावरचे ठिपके निम्म्याच्या आसपास भरतात. लांबट, अरुंद पट्टी असेल तर त्याहून जास्त, त्यामुळे दहा गुंठ्यांच्या पट्टीचा नकाशा फारसा मनावर घेऊ नये.

रंगामागचा आकडा

नकाशातला रंग हा फोटोतला रंग नसतो, तो एनडीव्हीआय या आकड्याला दिलेला रंग असतो. निरोगी पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाची आतली रचना डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. दोन्हींच्या फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागले की आकडा मिळतो. समजा पिकाने अवरक्त ४५ टक्के आणि लाल ५ टक्के परावर्तित केला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. उघड्या मातीचा आकडा साधारण ०.१ ते ०.२ येतो, पाण्याचा बहुधा शून्याखाली जातो.

म्हणजे मोजला जातो तो पानांचा पसारा आणि हिरवेपणा. दाणा किंवा बोंड नाही. कपाशीत गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत सरकी खात असते तेव्हा पाने हिरवीगारच असतात आणि नकाशाही हिरवागार. त्यासाठी कामगंध सापळा आणि हिरवी बोंडे फोडून पाहणे, याला पर्याय नाही. तणही उपग्रहाला हिरवेच दिसते. उसाने जमीन पूर्ण झाकल्यावर आकडा फारसा वाढत नाही, त्यामुळे ‘आकडा वाढेना, युरिया टाका’ हा सल्ला चुकीचा.

आकडा घसरला तरी कारण कळत नाही. सोयाबीनवर पिवळा मोझॅक असो, लोहाची कमतरता असो की साचलेले पाणी, नकाशावर रंग तोच. काढणीजवळ पाने पिवळी पडून गळतात तेव्हा तर तो घसरायलाच हवा.

खरिपात ढगांचे काय?

जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच, ढगांमुळे कित्येक आठवडे स्वच्छ चित्र मिळत नाही. विरळ ढग आणि त्यांची सावलीही आकडा बिघडवते. म्हणून नकाशा उघडला की आधी तारीख पाहावी. रडारचे उपग्रह ढगांतून आरपार पाहतात. इस्रोचा ईओएस-०४ (२०२२) आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला इस्रो-नासाचा निसार हे त्यातले. निसार दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो. रडारला ओलावा आणि पिकाची ठेवण कळते, हिरवेपणा नाही.

नकाशाचा खरा उपयोग कुठे फिरायचे ते ठरवायला होतो. पाच एकरांत आपण बहुधा बांधाबांधानेच पाहणी करतो. शेजारच्या शेताशी तुलना न करता आपल्याच शेतात मागच्या दोन-तीन चित्रांपेक्षा कोणता कोपरा मागे पडला ते पाहा, तिथे जाऊन चार झाडे उपटून मुळे बघा, पानांची मागची बाजू तपासा. पीक विम्यात उत्पादनाचा अंदाज काढण्यासाठीही उपग्रहाची माहिती वापरली जाऊ लागली आहे, त्यामुळे नुकसान दिसले की तारीख आणि ठिकाण नोंदवणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.