विश्लेषण : परभणीच्या पिंगळीचा सातबारा कोकणात जमीन घ्यायला चालतो का?

परभणी तालुक्यातील पिंगळी आणि सिंधुदुर्गातील कुडाळजवळची पिंगुळी, दोन्ही नावांत फरक फक्त एका उकाराचा. पहिले गाव काळ्या जमिनीचे, परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचे. दुसरे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी ओळखले जाणारे. तिथून वेंगुर्ल्याचा समुद्र फार लांब नाही. गावाकडची एखादी एकर विकून किंवा निवृत्तीचे पैसे घालून किनाऱ्याजवळ जागा घ्यावी, असा विचार करणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबापुढे पहिला प्रश्न दराचा नसतो, कागदाचा असतो.

पिंगळीचा शेतकरी कोकणात शेतजमीन घेऊ शकतो का?

हो. कुळकायद्यातील कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू असला, तरी परभणीत शेतकरी असलेली व्यक्ती सिंधुदुर्गातही शेतकरीच धरली जाते. खरेदीच्या वेळी पिंगळीचा सातबारा जोडायचा, एवढेच.

अडचण पुढच्या पिढीची. शेत वडिलांच्या नावावर, मुलगा पुण्यात नोकरीला आणि कोकणातली जागा मुलाच्या नावावर घ्यायची, अशा वेळी शेतकरी असल्याचा पुरावा तहसील कार्यालयातून आधीच स्पष्ट करून घ्यावा. नाहीतर झालेला व्यवहार अवैध ठरू शकतो. आणि हौसेपोटी गावची सगळीच जमीन विकली, तर ज्या सातबाऱ्यावर कोकणात शेतजमीन मिळणार होती तोच हातून जातो. बिगरशेती झालेली जागा किंवा सदनिका घ्यायला मात्र शेतकरी असण्याची अट नाही.

सातबारा तोच, मग वेगळे काय?

परभणीत जुनी मालकी शोधताना खासरा पत्रकापर्यंत जावे लागते. कोकणात शोध खोती आणि कुळांपर्यंत जातो. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. अशी जमीन पुढे विकण्यावर कलम ४३ चे बंधन असते आणि त्याची नोंद ‘इतर हक्कात’ दिसते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विक्रीचा मार्ग मोकळा होतो. रक्कम किरकोळ असते, पण ती भरल्याची पावती विक्रेत्याकडे हवी.

त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे नावांची रांग. अर्ध्या एकराच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असणे कोकणात नवलाचे नाही. काही मुंबईत, काही हयात नाहीत, बहिणींची नावे राहून गेलेली. एक भाऊ ‘माझा हिस्सा विकतो’ म्हणाला, तर कायद्याने तो विकू शकतो. पण घेणाऱ्याच्या हाती येतो तो न वाटलेला हिस्सा. पाण्याकडचा तुकडा आपला की डोंगराकडचा, हे वाटणी होईपर्यंत ठरत नाही. जुने कौलारू घर असेल तर आणखी पेच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार, कुटुंबाच्या सामायिक राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला त्या घरात एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे पैसे देऊनही ओसरीवर बसता येईलच असे नाही.

‘सगळ्यांचे मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे’ या वाक्यावर थांबून विचार करावा. नुसत्या मुखत्यारपत्रावरच्या ‘विक्री’ने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. मुखत्याराने विकायचे असेल तरी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, आणि मुखत्यारपत्र देणारे सगळे हयात आहेत ना, हेही पाहावे लागते.

समुद्र दिसतो, पण बांधता येते का?

जमीन घेता येणे आणि तिच्यावर घर बांधता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०१९ च्या अधिसूचनेनुसार, विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोक असतील तिथे, ही मर्यादा ५० मीटर आहे. ५०० मीटरपर्यंतच्या उरलेल्या पट्ट्यातही अटी आहेतच. खाडीकाठही यातून सुटत नाही. ‘समुद्र दूर आहे, ही तर खाडी’ असे सांगणारा दलाल अर्धेच सांगतो.

म्हणून मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट नंबर कुठे बसतो, हे इसार देण्याआधी तपासावे. सोबत सरकारी मोजणी, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस. प्लॉट पाडून विकण्याचा प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा.

स्पेनमध्ये घर घेणे सोपे आहे का?

समाजमाध्यमांवर स्पेनच्या किनाऱ्यावरची पांढरी घरे हटकून दिसतात. पाच लाख युरोंचे घर घेतल्यावर तिथे राहण्याचा परवाना देणारा ‘गोल्डन व्हिसा’ ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे. घर आजही घेता येते, पण त्यामुळे राहण्याचा हक्क मिळत नाही. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. बाकी किनाऱ्यावरच्या बंधनांतून तिथेही सुटका नाही. स्पेनच्या १९८८ च्या कायद्यात साधारण १०० मीटरचा संरक्षित पट्टा आहे.

राहायचे ठरले तर?

कोकणात पाऊस परभणीच्या साधारण तिप्पट पडतो आणि हवेत खार असतो. लोखंडी खिडक्या, पत्र्याचे खिळे, पंप लवकर गंजतात. बंद घरात एका पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, त्यामुळे दार उघडून हवा खेळवणारा माणूस गावात लागतो आणि त्याचा पगार हिशेबात धरावा लागतो. जागा पाहायला बहुतेक जण डिसेंबरात जातात. जुलैत एकदा गेले, तर पाणंदीतून गाडी आत जाते का, विहिरीजवळ पाणी कुठवर चढते आणि वीज किती वेळ जाते, हे शेजाऱ्याला न विचारता कळते.